इस्त्रीचं टेबल

मांगोरला खोली. नऊ बाय दहा.
दोन खाटा, एक फ्रिज, आन्सेला आणि मी.
टेबल मावणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं,
म्हणून आधीच्या भाडेकरणीनं दाराआड सोडलेलं
इस्त्रीचं टेबल उघडलं.
त्याला सात खाचा.
तिसरीवर मान दुखते, पाचवीवर मनगट.
चौथी गंजून अडकलेली,
ती रविवारभर खोबरेल घालून सोडवली.

लॅपटॉपखाली मोरीच्या फरशीचे दोन तुकडे,
मधे बोटभर फट, वाऱ्याला.
पाठीला उकड्या तांदळाची पिशवी.
महिना सरत येतो तशी मी मागे कलत जाते.
उजवीकडे लगेच भिंत,
म्हणून माउस डाव्या हाताला शिकवला;
पंधरा दिवस तो हात
शाळेत नव्या आलेल्या पोरासारखा वागला.
फ्रिज घरघरला की स्क्रीन एकदा डोळा मिटते.
त्याची सवय झाली.

वेर्ण्याहून सुटून घरी यायला साडेअकरा.
आन्सेलाची पहाटे चिखलीच्या इस्पितळात ड्युटी.
कीबोर्डखाली पंचा घातला तरी ती म्हणते,
रात्रभर स्वप्नात कुणीतरी शेंगा सोलत असतं.

खेळ एकच. ट्रक चालवायचा.
माल भरा, घाट उतरा, पोचवा.
कुणी मरत नाही.
दिवसभर गोळ्या मोजून आल्यावर
मला एवढंच पुरतं.

पप्पा कुडचड्याहून आले, डोळे तपासायला.
खाट त्यांना दिली, मी चटईवर.
बाराला म्हणाले, झोप नाही गो.
दाखव तुझा तो ट्रक.

टेबल दुसऱ्या खाचेवर उतरवलं.
स्क्रीन हातभर मागे, अक्षरं मोठी,
हेडफोन त्यांच्या कानावर, पट्टी दोन घरं सैल.
तांदळाची पिशवी त्यांनी बाजूला सारली:
टेकून चालवणारा झोपतो.

सोळा वर्षं टिपर. खाण ते धक्का, धक्का ते खाण.
मग खाणी थांबल्या, टिपर दारात थांबला,
चाकांमधून रानमोडी वर आली,
शेवटी भंगारवाल्यानं तोडून किलोवर नेला.
त्या दिवशी पप्पा मासळीबाजारात गेले होते.
बांगडे आणले, नेहमीपेक्षा दुप्पट.

घाटात त्यांनी वेग कमी केला
कुणी सांगितल्याशिवाय.
आरसा स्क्रीनच्या कोपऱ्यात होता,
ते मात्र प्रत्येक वळणावर
मान वळवून उजवीकडे बघत राहिले,
भिंतीकडे.
मी काही बोलले नाही.
मागून गाडी येत असेलही.

तिसऱ्या वळणावर चित्र अडखळू लागलं.
पंखा शिट्टी घालायला लागला.
पप्पांनी लॅपटॉपच्या कुशीला तळवा लावला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि म्हणाले, फिल्टर चोंदलाय. स्क्रू ड्रायव्हर आण.

दहा स्क्रू. चादरीवर ओळीनं मांडले,
जिथला तिथे.
नवा चष्मा अजून व्हायचा होता, म्हणून बोटांनी चाचपत.
मोबाइलचा उजेड मी धरला.
गालावर लावायचा माझा ब्रश त्यांनी पंख्यात फिरवला
आणि भुकटी पडली,
बंदरावरून येते ती, खिडकी लावली तरी येते ती,
काळी, मऊ.

चिमटीत घेऊन चोळली.
उजेडात धरली. वास घेतला.
"हें आमचें न्हय," म्हणाले.
"आमची तांबडी."

आन्सेला कुशीवर वळून पुटपुटली,
तुमच्या ट्रकचे दिवे जरा बंद करा.
आम्ही मोबाइल विझवला.
अंधारात पप्पा एकेक स्क्रू परत बसवत होते,
आणि नऊच सापडले.
दहावा शोधत दोघं खाटेखाली वाकलेलो,
तेव्हा दोन वाजून गेले होते
आणि माल घाटातच होता.