टोकन तरतूद

अग्निशमन कर माझ्याही घरपट्टीत येतो,
वर्षाला बेचाळीस रुपये.
भरते मीच, पावती फाडते मीच,
संध्याकाळी रकान्यात मांडतेही मीच.

फेब्रुवारीत तासगावात दोन गोष्टी एकदम पिकतात :
बेदाणा आणि बजेट.
तिकडं शेडवर गंधकाची धुरी चालू,
इकडं सभागृहात चहाच्या तिसऱ्या फेरीला
पान सतरा निघतं.

होज पाइप, सहाशे मीटर.
मागणी : चार लाख ऐंशी हजार.
साहेब म्हणाले, यंदा कमानीचं काम आहे.
पण हेड बंद करू नका. टोकन ठेवा.

टोकन म्हणजे एक हजार.
टोकन म्हणजे एस्टीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल :
जागा धरली,
माणूस येईल तेव्हा येईल.
सहा वर्षं तो रुमाल तिथंच आहे.
दर वर्षी मी झटकते आणि परत ठेवते.
अक्षर माझं चांगलं आहे.
अक्षरी रुपये एक हजार फक्त.

दस्तगीर मुजावर ड्रायव्हर, फायरमन आणि मेकॅनिक,
पगार एकाचाच,
तोही ठेकेदाराकडून, दिवाळीचा संक्रांतीला.
गाडीला तो म्हातारी म्हणतो.
म्हातारी ढकलल्याशिवाय चालू होत नाही,
म्हणून रात्री तिचं तोंड तो उताराकडं करून ठेवतो.

अकरा मार्चला सावळज रस्त्याला शेड पेटलं.
हिरवी जाळी, कागद, क्रेट, गंधकाची पोती.
म्हातारी उतारावरून निघाली
आणि वेळेत पोचली.
हे कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते :
वेळेत पोचली.
बांधावरून आत जाता येईना, रस्त्यावरच थांबली.
पाइप उलगडत गेला, उलगडत गेला
आणि संपला.
आगीच्या अलीकडं चाळीस फूट.

आमचं सभागृह
भिंतीपासून भिंतीपर्यंत चाळीस फूट आहे.
पंखे बसवताना टेपचं एक टोक मी धरलं होतं.

तेवढ्या जागेत पाणी पडत राहिलं,
माती पीत राहिली.
पाइपातनं वाटेत तीन कारंजी उडत होती,
पोरं मोबाइल धरून उभी.

बेदाणा निवडणाऱ्या बायका बाहेर आल्या होत्या.
जतकडची शिवव्वा डब्यासाठी परत आत गेली.
डब्यात आठवड्याची मजुरी होती.

तिला नेलं पिकअपमधून,
रिकाम्या क्रेटवर ओलं पोतं अंथरून.
अँब्युलन्स होती, नव्हती असं नाही.
ती विट्याला गेली होती, कुणाच्या तरी बाळंतपणाला.
आता त्या बाळावर कसं रागवायचं?

शिवव्वा जगली.
उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत.
बेदाणा निवडायला बोटंच लागतात.

सोमवारी दस्तगीर माझ्या टेबलाशी आला.
अंगाला अजून करपलेल्या गुळासारखा वास.
बिल ठेवलं :
सायकलच्या ट्यूबा दोन, ऐंशीप्रमाणे.
सोल्युशन एक, वीस.
‘पाइपाला ठिगळं लावली, मॅडम. कशात बसत नसलं तर ऱ्हाऊ द्या.’

किरकोळमध्ये बसलं असतं.
स्टेशनरीतही बसवलं असतं, बसवतो आम्ही.
पण मी पान सतरा काढलं.
सहा वर्षांत पहिल्यांदा त्या हेडाला हात लागला.
खर्च : एकशे ऐंशी.
शिल्लक : आठशे वीस.
अक्षरी लिहिताना ‘फक्त’ राहूनच गेलं,
ऑडिटला ते सापडेल.

दस्तगीरनं सही केली. नोटा दोनदा मोजल्या.
मग विचारलं,
‘उरलेले एकतीस मार्चला परत जातात न्हवं?’
जातात, मी म्हटलं.
त्यानं पंख्याकडं बघत बोटांवर हिशोब केला.
‘दहा ट्यूबा आणि एक सोल्युशन,’ तो म्हणाला,
‘बरोब्बर बसतंय बघा.’