आठ तास

सहा महिने झाले की फोन करायचा, असा अभ्यासाचा नियम.
आज यादीत अकरावे: सर्जेराव शेडगे, वय चव्वेचाळीस,
माथाडी, कांदा-बटाटा बाजार, वाशी.
थप्पीवरून पडले. डाव्या कानामागे रक्त.

मला ते आकड्यांनीच आठवतात.
डोळे एक. बोलणं, तिथे नळी. हातपाय चार.
कवटीतला दाब सव्वीस, मग एकवीस,
मग पहाटे तीनला पुन्हा सव्वीस,
आणि खिडकीखाली पनवेलकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग
हलत नव्हती.

तेव्हा मी वॉर्डात होते.
दर तासाला पेन आडवं धरून त्यांच्या बोटाचं नख दाबायचे,
हात मागे घेतात का बघायला.
अक्काताईंनी काचेतून पाहिलं.
बाहेर गाठून विचारलं, भांडायच्या सुरात नाही,
"त्यास्नी दुखवताय कशापायी?"
दुखतंय म्हणजे आत कुणीतरी आहे, मी म्हणाले.
त्यांनी आपलं बोट पुढे केलं.
"किती दाबता, बगू दे."
मी दाबलं.
त्यांनी हात ओढला नाही.

आता मी टेबलाशी असते. समोर छापील प्रश्न,
भाषांतर कुणी केलंय कोण जाणे:
रुग्ण स्थानिक प्रवास विनासहाय्य करू शकतो काय?
मी विचारते, एकटे जातात का कुठं?
"जात्यात की. कोपरखैरण्याच्या नाक्यापतूर.
परत यायचं तेवढं इसरत्यात."

दुकानातून सामान आणतात?
"साखर आणाय धाडलं. पुडी तळहातावर धरली आन् म्हणले,
किलोला चाळीस ग्राम कमी हाय.
दुकानदारानं काट्यावर टाकली, तर खरंच कमी.
पर पुडीत काय हाय, ते काय सांगता येईना."
त्या हसल्या. मीही हसले.
रकाना तसाच राहिला.

मग तो प्रश्न, जिथे तीनची आणि चारची वाट वेगळी होते.
घरात आठ तास एकटे राहू शकतात का?
नाही म्हणजे तीन. हो म्हणजे चार.
"ऱ्हात्यात."
मी चारवर खूण करायला पेन टेकवलं.
"ऱ्हात्यात म्हंजी, ठेवावं लागतंय.
घणसोलीत चार घरची कामं हायती मला, आठ ते चार.
गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घालते, संगं नेते.
इळी शेजारी ठेवते. न्हाणीची कडी काढूनच टाकलीय."

सरांना विचारलं तर म्हणतील, क्षमता लिही, परिस्थिती नको.
सरांचं चुकत नाही.
परिषदेच्या पडद्यावर शेडगे एक ठिपका असतील,
तीनच्या ओळीत किंवा चारच्या,
आणि तो ठिपका पुढच्या कुणाची तरी कवटी
वेळेत उघडायला शिकवेल, कदाचित.
हे मी स्वतःला रोज सांगते. खरंही आहे ते.

"आन् शकू हाय की शेजारी," अक्काताई म्हणाल्या.
"तासातासाला खिडकीतनं हाक मारती.
ओ दिली की जाती माघारी. न्हाई दिली तर आत येती."
किती हाका लागतात?
हा प्रश्न कागदावर नव्हता.
"कवा एक. कवा तीन. आभाळ आलं की जास्ती."

हाकेला डोळे उघडतो, त्याचे गुण तीन.
तासाला एक नोंद.
यासाठी आम्हाला तीन पाळ्या लागल्या होत्या,
मॉनिटर, आणि निधीचा अठ्ठावीस पानी अर्ज.
शकूचा पोळ्यांचा तवा चुलीवर असतो म्हणे तेव्हा.

पुढचा फोन सहा महिन्यांनी, मी म्हणाले,
आणि ठेवणारच होते, तर पलीकडून ऐकू आलं,
घरची बाई घरात असूनही, सवयीने:
"दाजी!"

पंख्याची घरघर. कुठेतरी वाटी पडली.

"ओ दाजी!"

अक्काताई बोलत नव्हत्या. मीही नाही.
तीनचा चौकोन कोरा, चारचा कोरा,
पेन कागदावर नव्हतं.
बघते तर माझ्याच डाव्या अंगठ्याच्या नखावर,
आडवं,
दाबलेलं.