सालं

सोहारच्या मासळीबाजारात सकाळी साडेसहाला
मी सालं मागतो, कोलंबी नाही.
बलुशी म्हातारा हसतो, पिशवी भरतो,
पैसे घेत नाही. त्याला वाटतं
मी मांजरं पाळली आहेत.

प्रयोगशाळेत ती आम्लात फसफसतात, क्षारात उकळतात.
माझ्या शर्टाला मिरकरवाड्याचा वास येतो,
जिथे आई बर्फातली कोलंबी सोलायची,
किलोवर मजुरी, नखांखाली काटे,
आणि सालांच्या ढिगाला
कावळेसुद्धा कंटाळलेले.

मग लोखंडाचे क्षार, वर अमोनिया,
आणि पांढरट लगदा काळा पडतो,
कुणी गालाला तीट लावावी
आणि बोट थांबूच नये, तसा.
सुईतून थेंब थेंब सोडतो:
मोहरीएवढे मणी.

पाणी कामगार छावणीच्या टाकीतलं.
यंत्र आकडा सांगतं: टेट्रासायक्लिन, इतकं इतकं.
आकडा म्हणजे कोण, ते यंत्राला ठाऊक नाही.
मला थोडं आहे.
खोली चौदामधला तफज्जुल, दाढ सुजलेली.
एक खाडा, दोन दिवसांचा पगार गेला,
म्हणून दाढेला, घशाला, पोटाला
तीच कॅप्सूल.
बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या खाटेला.
अंग घेतं थोडं, बाकी वाहून जातं
तिथे, जिथे जंतू
औषधाची चव ओळखायला शिकतात.

मणी टाकतो. ढवळतो. चाळीस मिनिटं.
बीकरच्या कुशीला चुंबक लावला
की काळं सगळं एका बाजूला सरकतं,
जेवणाची गाडी आली की
छावणी सरकते तसं.
उरतं ते नितळ.
‘रस्त्याकडेच्या खजुरांना चालेल,’ बुसैना म्हणते.
आणि प्यायला?
ती चष्मा पुसते.

मणी धुऊन पुन्हा वापरता येतात.
पहिल्या खेपेला शंभरातले त्र्याण्णव धरतात,
तिसऱ्या खेपेला सत्त्याऐंशी,
पाचव्या खेपेला एकाहत्तर.
वहीत लिहितो: क्षमता घटते.
माझा व्हिसा परवाच
पाचव्यांदा वाढून आला.

आईला फोनवर सांगितलं, सालांचं काय करतो ते.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, ‘मेल्या, एवढी वर्षं
टोपल्यांनी फेकली मी.
आधी नाय सांगायचंस?’

चुंबक पुसून खणात ठेवतो.
घसा सकाळपासून खवखवतोय.
खिशात दोन कॅप्सूल आहेत,
तफज्जुलने दिलेल्या.