गोळी उतरल्यावर

सव्वासातची गोळी. त्याआधी लापशी,
वर लोण्याचा तुकडा, साय. घाई मी करत नाही,
घड्याळ करतं.

दुपारी डबा परत येतो, जसाच्या तसा,
पावावरच्या कोकराच्या मटणाच्या कडा वाळलेल्या.
"दोन घास तरी?" विचारायचे पूर्वी.
स्टेनार एकदा म्हणाला,
"आई, माझं पोट शाळेत येतच नाही गं."

गणितं मात्र येतात आता. पोरांत खेळतो.
कुणाच्या अंगावर धावून जात नाही.
आणि दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची रेघ
नाताळपासून तिथंच.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू,
उन्हाळ्याच्या सुट्टीत थांबवू थोडे दिवस.

रात्रीचे दहा.
हुसाविकच्या बंदरावर मे महिन्याचं ऊन
अजून बोटींवर रेंगाळतंय,
आणि हा अनवाणी येतो,
फ्रीजचं दार उघडून नुसता उभा,
जणू कुणीतरी आत्ताच जागं केलंय
आतल्या त्या दुसऱ्या पोराला.

गार बटाटे, हॅडॉकचा उरलेला तुकडा,
वाटीभर स्कीर. पुन्हा वाटीभर.
बोलत नाही. चमचा वाजतो फक्त.

एगर्ट आतून विचारतो, घड्याळ बघितलंस?
मी वाटी विसळते, परत भरते.
मावळायची घाई
इथं सूर्यालाही नाही.