हातचा

ऐरोली, सेक्टर आठ. पाण्याच्या टाकीमागे
मी कोनमापक टेकवते. एकोणीस अंश.
सेक्रेटरी ढवळे छत्री धरून उभे,
माझ्यावर नाही, लॅपटॉपच्या पडद्यावर.
"मॅडम, नक्की किती ऊन पडेल तेवढं सांगा.
सभेत म्हात्रे मला खातील."

नक्की कुणालाच ठाऊक नसतं, ढवळे.
ऊन मोजणारं यंत्र सपाट बसतं,
पाटावरच्या जावयासारखं, हलत नाही;
त्याच्या वह्यांत वर्षानुवर्षांचं आडवं ऊन.
आणि ज्यांना ऊन हवं असतं
ती कधीच आडवी नसतात:
कौलं, कपाळं, कठड्यावर टाकलेली गोधडी,
दिवाळे गावात बांबूवर लोंबणारे बोंबील.
म्हणून मग अंदाज.

थेट ऊन सोपं. त्याला पत्ता असतो.
तारीख द्या, किती वाजले सांगा,
ते कुठून येईल मी डोळे मिटून दाखवीन.

विखुरलेलं अवघड.
खाडीचा ओलावा, महाप्याची धूळ,
यांतून गाळत, वाट चुकत
ते सगळीकडून येतं,
म्हणजे विचारायला गेलं तर कुठूनच नाही.
पुस्तकं म्हणतात, धरून चाला
की आभाळ सगळीकडे सारखं आहे.
मी धरून चालते.
नाहीये, हे रोज दिसत असूनही.

तिसरं, जमिनीवरून उलटून येणारं.
पॅनल सपाट असेल तर त्याला जमीन दिसतच नाही.
कललं, की जेवढं आभाळ पाठीमागे सुटतं
नेमकी तेवढीच जमीन पुढ्यात येते.
हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.
एकदा सूत्र मांडताना हाताखाली आलं
आणि मी पेन ठेवून चहा टाकायला गेले.

पण एकोणीस अंशांवर त्याचा वाटा अर्धा टक्का.
सगळे सोडून देतात. मीही सोडायचे.

कळव्याला आमचं घर तळमजल्यावर.
खिडकी पूर्वेला, पूर्वेला पारसिकचा डोंगर,
आणि डोंगर कमी पडला म्हणून की काय
मध्ये सात मजली काचेचा दवाखाना.
थेट ऊन: शून्य.
खिडकीशी सत्यभामाआत्या,
पलंगाची कळ फिरवून पंचेचाळीस अंशांवर.
चौतीस वर्षं विटाव्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर होती.
डावी बाजू गेली, हिशेब राहिला.

साडेचारच्या सुमारास सूर्य
आमच्या गच्चीवरून जाऊन त्या काचांवर आपटतो
आणि एक तिरका चौकोन खिडकीतून आत येतो,
चादरीवरून सरकत तिच्या गळ्यापर्यंत चढतो.
अकरा मिनिटं.
ती उजव्या हाताने पदर बाजूला करते,
डोळे मिटत नाही, भिंतीवरचं घड्याळ बघत राहते.
मी घरी आले की शब्द फोडून फोडून सांगते:
"आज... ढग... आडवा. सात... च."

मंगळवारी मी तिच्याशेजारी बसून
ढवळेंचा अहवाल मोठ्याने वाचत होते. सवय आहे.
थेट इतकं, विखुरलेलं इतकं, बेरीज.
तिने बोट वर केलं.
"आणि... खालचं?"
किरकोळ असतं गं, आत्या.
बराच वेळ ती शब्द शोधत होती.
"हातचा," म्हणाली. "विसरलीस."

समोरच्या प्लॉटवर क्रेन फिरते आहे.
एकतीस मजले होणार म्हणतात;
म्हणजे चौथ्या वर्षापासून दुपारी तीननंतर
या गच्चीचा पश्चिमेचा कोपरा गेला.
तो मी आत्ताच वजा करते,
धुळीचे तीन टक्के काढते, कबुतरांचे वेगळे.
अंदाज हातचं राखूनच द्यायचा असतो.

तळाशी, तिसऱ्या ओळीत, टाकते: अर्धा टक्का.
ढवळे वाकून त्यावर बोट ठेवतात.
"हे एवढंसं कशाचं?"
असू द्या, मी म्हणते.
"म्हात्रे विचारतील."
विचारू देत.
ते छत्री दुसऱ्या हातात घेतात.
मागे टाकी भरून वाहायला लागली आहे
आणि खाली कुणीतरी मोटर बंद करा म्हणून ओरडतंय.