तडे

गेंट्याल मामांनी तीस वर्षं
रिक्षांच्या भेगांत लांबी भरली.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मी गिटार टेकवून म्हटलं,
खाली काळा, वर पांढरा,
आणि मधे तडे पाहिजेत.
"पैसे देऊन तडे?"

पहिले दोन हात वाया गेले,
म्हणजे एकही भेग नाही,
नव्या दारासारखी गुळगुळीत.

तिसऱ्यांदा काळ्यावर सरस,
तो चिकट असतानाच पांढरा,
आणि दुपारी दोनला
सरळ पत्र्यावर, मे महिन्यात.
चहा प्यायलो. दुसरा सांगितला.
आवाज काही झाला नाही.

"हिप्परग्याचं तळं,"
मामा एवढंच म्हणाले.

मग एका रुंद भेगेवरून
त्यांचा अंगठा फिरला,
लांबीचा डबा बघू लागला,
आणि कुठं ठेवावा न कळून
खिशात गेला.