नकाशा नसताना

ग्युमरीच्या बाजारात जिन्याखाली
शुशानिकबाईंचं दुकान, दोन स्टुलांएवढं.
वारुझान लिफ्टवाला मीटर घेऊन आला:
"घरात दोनशे साठ दाखवतो.
वेड लागलंय त्याला."

बाईंनी आधी बॅटरी बदलली.
उपाशी मीटर वाढवून सांगतो, म्हणाल्या.
पण पोट भरल्यावरही तेच.
कोऱ्या सेलला एक पॉइंट त्र्याऐंशी.
दुसऱ्यालाही त्र्याऐंशी. तिसऱ्यालाही.
बाई खुशीत आल्या:
"नेमाने खोटं बोलतोय.
असा माणूस सापडतो."

नकाशा नाही. कंपनीचं नावसुद्धा घासून गेलेलं.
चिप काळ्या डांबरी थेंबाखाली गाडलेली,
तिला काही विचारायची सोय नाही.
मी बोर्ड खिडकीला धरला.
बाहेरच्या बर्फाच्या उजेडात
तांब्याच्या वाटा हिरव्यातून वर आल्या,
लवाशच्या कागदावर त्या उतरवत गेलो,
दोनदा चुकलो,
एक वाट भोकातून पलीकडे उतरली
ती कुठे निघाली ते कळायलाच दुपार झाली.

"ओहम बघ."
शंभराचा रेझिस्टर: शंभर.
दहा हजारांचा: दहा हजार.
तिथे अगदी सज्जन.
कॉफी ढवळता ढवळता बाईंचा चमचा थांबला.
"म्हणजे मोजणारा शाबूत आहे.
ज्याच्याशी ताडून बघतो, ते सरकलंय."

कागदावर बोट फिरवत आलो
तर कोपऱ्यात मसुराएवढा प्रीसेट.
पेचकस नुसता टेकवला
आणि पडद्यावरचे आकडे बावरले.
भिंगाखाली: वाळलेली कॉफी.
वारुझान छताकडे बघू लागला.

स्पिरिट, कापूस, फुंकर.
आता फिरवायचा, पण कुठवर?
बाईंनी फळीवरून सासऱ्यांचा काट्याचा मीटर काढला,
बेकलाइटचा, विटेसारखा जड.
"आणि हा खरा कशावरून?" मी.
"भूकंपात भिंत पडली," बाई म्हणाल्या,
"फळी राहिली."
हे उत्तर नव्हतं.
तरी मी काट्याकडे बघत
केसभर, केसभर फिरवत राहिलो,
एक पॉइंट पंचावन्नपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वारुझान पुन्हा दारात.
"आता दोनशे एक्केचाळीस.
रात्री एकशे नव्वद."
बाईंनी मीटर हातातही घेतला नाही.
"हा बरा झालाय. घर बिघडलंय.
वायरी कोणी ओढल्या?"
"भूकंपानंतर... जो येईल त्याने."
"नकाशा?"
वारुझान हसला.

बाईंनी कोट चढवला,
आणि लवाशचा एक कोरा कागद
घडी घालून
माझ्या खिशात कोंबला.